शेगडीला पाच बटणं

शनिवारी दुपारी हेडक्लार्कांनी स्वतःच्या हातानं चहा करायचं ठरवलं. निर्णय तसा साधा होता. पण त्यापायी बायकोचा चांगला कोट उघडा पडेल, अख्ख्या घरावर केळी खाऊन राहायची वेळ येईल आणि सख्खा भाऊ दारात येऊन उभा राहील तेव्हा स्वयंपाकघरात सुरीनं शेगडी खरवडायचं काम चाललेलं असेल, हे त्यांना कुणी आधी सांगितलं असतं तर ते मुकाट्यानं पाणी पिऊन झोपले असते. (झोपण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.)

हेडक्लार्क पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होते. नळजोडणीचे अर्ज आणि मीटर बिघडल्याच्या तक्रारी यांत त्यांची हयात गेली होती आणि ती मजेत गेली होती. मग कचेरीत नवं सॉफ्टवेअर आलं.

जुन्या प्रोग्रॅममधलं बटण हे बटण असायचं. करड्या रंगाचं, फुगीर, वरच्या कडेला उजेड, खालच्या कडेला सावली. माउसनं दाबलं की आत जायचं, सोडलं की वर यायचं. आपण काहीतरी काम केलं असं माणसाला वाटायचं. नव्यात सगळं पांढरंशुभ्र. त्यात मधेच कुठंतरी एखादा फिकट निळा शब्द तरंगतोय. तो दाबायचा की नुसता वाचायचा, हे कळायला मार्ग नाही. पहिल्याच आठवड्यात हेडक्लार्कांनी मथळा समजून एका शब्दावर सहज माउस दाबला आणि एका गृहस्थांचा नळ बंद करायचा हुकूम सुटला. (गृहस्थ तक्रार घेऊन स्वतः आले. कानात साबण तसाच होता.)

पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो वाळूच्या घड्याळात. पूर्वी कॉम्प्युटर विचारात पडला की पडद्यावर एवढंसं वाळूचं घड्याळ यायचं आणि सगळी कचेरी मोकळी व्हायची. टायपिस्टबाई स्वेटरचे चार टाके घालत, शिपाई खिडकीशी जाऊन उभा राही, हेडक्लार्क चहाचा घोट घेत. साहेबांनी दारातून डोकावून विचारलं, तर नुसतं बोट दाखवायचं. "सर, घड्याळ आलंय." त्यावर साहेबांचंही काही चालत नसे. नवा प्रोग्रॅम थांबत म्हणून नाही. विचारायच्या आत उत्तर देतो आणि मग माणसाकडं बघत बसतो, की पुढं काय. हेडक्लार्क हे दुःख इतक्या वेळा सांगत, की मागून सगळे त्यांनाच 'वाळूचं घड्याळ' म्हणू लागले. ते आले की काम थांबतं, असाही त्याचा एक अर्थ असल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

घरीही त्यांचं तेच पालुपद. "आता फोनचंच बघ," ते बायकोला म्हणत. "पूर्वी तुझ्या भावाशी भांडण झालं की रिसीव्हर आपटता यायचा. आता कितीही संताप आला तरी शेवटी काचेवर हळूच बोट टेकवायचं. भांडणातली सगळी मजा गेली."

"माझा भाऊ आहे तो," बायको म्हणे. "बरं झालं गेली."

बायको शाळेत गणित शिकवायची. त्यामुळं उत्तर नेहमी एका ओळीत यायचं.

आणि दैवाची थट्टा अशी, की या गृहस्थाची एकुलती एक लेक पोटासाठी नेमकं हेच करायची. कुठल्या यंत्राच्या पडद्यावर काय, कुठं आणि किती फिकट दिसावं, हे ती ठरवायची आणि त्याचा तिला चांगला पगार मिळायचा. "बाबा, डोळ्यांना स्वच्छ वाटलं पाहिजे," असं ती म्हणायची. "इतकं स्वच्छ, की काही दिसतच नाही," असं हेडक्लार्क म्हणायचे. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे आणि या एका विषयावर कधी पटतही नसे.

आईबापांच्या लग्नाच्या वाढदिवसाला लेकीनं मोठ्या हौसेनं एक काचेची शेगडी आणली. विजेवर चालणारी, काळीभोर, आरशासारखी गुळगुळीत. जुनी शेगडी घेऊन जायला तिनं दुकानातलाच माणूस बोलावला होता. नव्या शेगडीवर ना ज्योत, ना कुठं धरायला काही. काचेवर पाच पुसट चित्रं होती, त्यांना बोट लावायचं. चालू-बंद, कमी, जास्त, वेळ. पाचवं चित्र हेडक्लार्कांना बाजाराच्या पिशवीसारखं वाटलं. शेगडीला बाजारात कशाला जायचंय हे त्यांना कळलं नाही, पण लेकीला विचारायचं म्हणजे हार मान्य केल्यासारखं होतं.

ती शेगडी आली आणि आईनं सकाळचा चहा करणं सोडलं.

आई म्हणजे हेडक्लार्कांची आई. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, पण नजर पहिल्यासारखी आली नव्हती. ती सगळं हातानं चाचपून करायची आणि डोळसांपेक्षा नीट करायची. इतकी वर्षं घरातली सकाळ तिच्या हातच्या चहाच्या वासानं उजाडत होती. "आता तुम्हीच करत जा, मला होत नाही," असं ती एक दिवस म्हणाली आणि सगळ्यांनी वय झालं असं समजून मान हलवली. आणि आता, या आठवड्यात, तिनं जाहीर केलं की ती धाकट्या मुलाकडं राहायला जाणार. रविवारी तो न्यायला येणार होता.

"पण का?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"तेवढाच हवापालट."

"किती दिवस?"

"बघू."

सामानात तिनं स्वतःची उशी घेतली. उशी बरोबर नेणारं माणूस चार दिवसांसाठी जात नाही, एवढं हेडक्लार्कांनाही कळत होतं. त्यांनी बायकोला गाठलं. "तू काही बोललीस का तिला?"

"हेच मी तुम्हाला विचारणार होते," बायको म्हणाली.

तर असा तो शनिवार. बायको पेपर तपासायला शाळेत गेली होती, आई आतल्या खोलीत पडली होती. चांगला चहा करावा, आईच्या हातात कप द्यावा आणि सरळ विचारावं, असं हेडक्लार्कांनी ठरवलं. चहाचा कप हातात असला की माणूस मनातलं बोलतं, हा त्यांचा कचेरीतला अनुभव होता.

त्यांनी दुधाचं पातेलं ठेवलं. बोट लावलं. काही नाही. बोट पुसून लावलं. शेगडी चालू झाली. 'जास्त'वर बोट ठेवायला गेले ते 'वेळ'वर पडलं. ते दुरुस्त करायला गेले तर शेगडी बंद झाली. अंगठ्यानं करून पाहिलं. मधल्या बोटानं करून पाहिलं. शेवटी चष्मा काचेला टेकेपर्यंत वाकून त्यांनी एकेक चित्र शोधलं, तर नाक कुठंतरी लागलं आणि शेगडी आपोआप सुरू झाली. (नाकानं स्वयंपाक करायची पद्धत शेगडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत दिलेली नव्हती.) ती बंद कशी करायची हे सापडेपर्यंत दूध उतू जाऊन काचेवर पसरलं होतं.

तेव्हा त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली. बटणं. या शेगडीला बटणं का नसावीत? फुगीर, करडी, दाबल्यासारखी वाटतील अशी. ज्या गोष्टीसाठी कचेरीत कुणी त्यांचं ऐकत नव्हतं, ती निदान स्वतःच्या स्वयंपाकघरात तरी करता येईल. त्यांना एकदम तरतरी आली.

दाराशी एका पिशवीत बायकोचा जुना करडा कोट होता. पिशवी दाराशी, म्हणजे तो कुणाला तरी देऊन टाकायचा असणार, असं त्यांनी अनुमान काढलं. कोटाला पाच मोठी बटणं होती आणि ती हुबेहूब जुन्या प्रोग्रॅममधल्या बटणांसारखी होती. तोच रंग, तीच फुगीर कड. हेडक्लार्कांनी एक बटण अंगठ्यानं दाबून पाहिलं. त्यांनी ती कात्रीनं उतरवली, चपला चिकटवायची ट्यूब शोधली आणि एकेका चित्रावर एकेक बटण बसवलं. पिशवीच्या चित्राचं काम काय ते ठाऊक नव्हतं, पण त्यालाच तेवढं वगळलं तर बरं दिसणार नाही, म्हणून त्यालाही एक. मग ते दोन पावलं मागं सरकले आणि बघत राहिले. इतकं सुंदर यंत्र त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी पहिलं बटण दाबलं.

शेगडी पीं पीं पीं करून ओरडायला लागली. पाचही दिवे उघडझाप करायला लागले. दुसरं बटण दाबलं तर आवाज वाढला. तिसरं दाबल्यावर त्याला थोडी लय आली. "कसला रे आवाज?" आतून आईनं विचारलं.

"माझा मोबाइल आहे," हेडक्लार्क म्हणाले आणि त्यांनी धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. (ते जुन्या पद्धतीचं होतं. खट्ट आवाज करून बंद झालं. तशा अवस्थेतही त्यांना बरं वाटलं.) बटणं ओढून पाहिली, तर ती निघेनात. ट्यूबवर लिहिलं होतं ते खरं होतं. मग त्यांनी शेगडीवर टॉवेल पांघरला, जसा आजारी माणसावर पांघरतात, आणि बायकोची वाट बघत बसले.

"आज बाहेरून मागवू," बायको आल्याआल्या ते म्हणाले.

बायकोनं त्यांच्या कपाळाला हात लावला. "ताप तर नाही."

"आई उद्या जाणार. तू दमून आलीयस. म्हटलं, तेवढाच आराम."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोच्या दमण्याचा उल्लेख हेडक्लार्कांनी आपणहून केल्याची नोंद नव्हती. बायकोनं त्यांच्याकडं जरा निरखून पाहिलं. पण तीही माणूस होती आणि खरंच दमली होती. बाहेरून आलेलं जेवण जेवून ती झोपली. सकाळी चहाच्या वेळेला हेडक्लार्कांनी सगळ्यांपुढं केळी ठेवली.

"आणि चहा?" बायकोनं विचारलं.

"केळी पचायला हलकी असतात," हेडक्लार्क म्हणाले.

त्यांचा बेत असा होता, की भाऊ येईपर्यंत वेळ काढायचा आणि नंतर काय ते बघू. पण ताकाला जाऊन भांडं कुठवर लपवणार? आजीला निरोप द्यायला लेक ठरल्यापेक्षा लवकर आली आणि "आधी मला चहा हवाय" म्हणत सरळ स्वयंपाकघरात शिरली. हेडक्लार्कांनी डोळे मिटले.

"बाबा," लेक म्हणाली, "जरा इकडं येता?"

टॉवेल तिच्या हातात होता. दूध वाळून काचेवर नकाशा झाला होता आणि त्यात पाच करडी बटणं ऐटीत बसली होती.

"हे काय आहे?"

"बटणं," हेडक्लार्क म्हणाले. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"ते दिसतंय मला. पण का?"

"दाबायला."

"बाबा, ही शेगडी बोट ओळखते. वर हे जाड बटण बसवल्यावर तिला बोट कळणार कसं? त्यात डिंक ओला असताना सगळीकडं पसरलेला. तिला वाटलं असणार, कुणीतरी पाचही ठिकाणी एकदम हात ठेवून बसलंय. आणि हे कुलूपही दाबलंत तुम्ही."

"कसलं कुलूप?"

"हे, शेवटचं. लहान मुलांनी हात लावू नये म्हणून असतं."

"मला ती पिशवी वाटली," हेडक्लार्क म्हणाले.

तेवढ्यात बायको आली. तिनं शेगडीकडं पाहिलं नाही, बटणांकडं पाहिलं. मग दाराशी जाऊन पिशवीतला कोट काढला आणि दोन्ही हातांनी उलगडून समोर धरला. "हा कोट मी इस्त्रीला द्यायला काढला होता," ती म्हणाली. "आज आईंबरोबर धाकट्या भावजींकडं जाताना घालायला."

हेडक्लार्कांची पाचावर धारण बसली. लेक मात्र हसायला लागली होती आणि हसू आवरत सुरी शोधत होती. एकेका बटणाखाली सुरीचं टोक घालून तिनं ती उपटून काढली. मधला डिंक बटणांबरोबर निघाला, पण कडेचा तसाच राहिला. काचेवर प्रत्येक चित्राभोवती एकेक खरखरीत कडं, वाळून दगड झालेलं. तिनं साबण लावला, घासणी लावली, सुरीनं खरवडलं, डिंक हलेना. दूध तेवढं निघालं.

"एवढी सुंदर काच होती," ती म्हणाली आणि आता तिला हसू येत नव्हतं. पहिल्या मोठ्या पगारातून आणलेली वस्तू होती ती. हेडक्लार्कांना खरोखर वाईट वाटलं. करायला गेलो काय आणि झालं काय, असं त्यांना वाटलं. शिवाय आईला विचारायचं राहिलंच होतं आणि भाऊ केव्हाही येणार होता. डिंक काढायचं औषध आणायला जाण्यापूर्वी लेक घासणी आणि सुरी घेऊन शेवटचं एकदा खरवडत होती आणि त्याच वेळी धाकटे बंधू दारात हजर झाले. "काय, झाली तयारी?" ते म्हणाले. "कुणाचं काही बिनसलंय का?"

आई आवरून, चपला घालून, उशी काखेत घेऊन आली होती. निघण्यापूर्वी एकदा स्वयंपाकघरातून फिरावं म्हणून ती आत गेली. तिनं ओट्यावरून हात फिरवला, डब्यांवरून फिरवला, आणि मग तो शेगडीच्या काचेवर आला आणि थांबला.

"हे काय आहे इथं?" तिनं विचारलं. "खरखरीत लागतंय."

"बाबांचा पराक्रम," लेक म्हणाली. "काढतेय मी आजी, औषध आणून."

"थांब जरा." आईचं बोट एका कड्यावरून दुसऱ्यावर जात होतं. "हे पहिलं. हे चालू करायचं ना?" तिनं कड्याच्या आत बोट टेकवलं. काही झालं नाही. लेकीनं पुढं होऊन भिंतीवरचं बटण लावलं, कुलूप उघडलं आणि बाजूला झाली. आईनं पुन्हा बोट टेकवलं. शेगडी सुरू झाली. "मग हे कमी, आणि हे जास्त." तिनं उशी बायकोच्या हातात दिली, पातेलं घेतलं, पाणी मोजलं. पाणी उकळायला लागलं तसं तिनं दुसऱ्या कड्यात बोट ठेवून आच कमी केली आणि चहाची पूड घातली, कितीतरी दिवसांनी तो वास घरात सुटला.

"आजी," लेक हळूच म्हणाली, "तुला याआधी लागत नव्हती ही शेगडी?"

"कशी लागणार? सगळी सपाट. जुन्या शेगडीला कान होते. पिळले की कळायचं कुठवर आलो ते. हिच्यावर हात फिरवावा तर कोऱ्या पाटीवर फिरावा तसा आपला फिरतच राहतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

आईनं चहा गाळायला घेतला. "तू कौतुकानं आणलेली वस्तू. तिला नावं ठेवू? आणि रोज कुणाच्या तरी हातचा चहा पीत बसायला मला लाज वाटते गं. धाकट्याकडं अजून कानांची शेगडी आहे. म्हटलं, तिथं तरी हातपाय हलतील."

हेडक्लार्क खुर्चीत बसले. इतके दिवस ते ज्याला त्याला पकडून बटणांचं रडगाणं ऐकवत होते आणि ज्या एका माणसाला खरोखर बटण हवं होतं, ते घरात गप्प बसून उशी बांधत होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी चहाची वाफ लागल्यासारखं केलं.

आईनं सगळ्यांना चहा दिला. पहिला कप धाकट्याला. "दमून आलास," ती त्याला म्हणाली. "आता जेवूनच जा. मी काही येत नाही."

"अगं, मी गाडी घेऊन आलोय."

"मग बरंच झालं. मंडईतून भाजी घेऊन ये."

लेकीनं घासणी खाली ठेवली. मग ती वाकून त्या डिंकाच्या कड्यांकडं बराच वेळ बघत राहिली, तिच्या धंद्यातली माणसं बघतात तशी. "बाबा," ती म्हणाली, "तुमचं म्हणणं चुकलं नव्हतं. फक्त तुम्ही ते केलं फार वाईट." एवढी कबुली हेडक्लार्कांना आयुष्यात कुणाकडून मिळाली नव्हती. ते मनोमन सगळ्यांचे ऋणी झाले: लेकीचे, कारण तिनं शेगडी आणली, आईचे, कारण ती राहिली, आणि ट्यूब बनवणाऱ्या त्या अनोळखी माणसाचेही.

बायकोनं मात्र सुईदोरा आणि पाच बटणं त्यांच्यापुढं ठेवली. बटणांच्या भोकांत डिंक गच्च बसला होता. त्या संध्याकाळी हेडक्लार्कांनी तीन सुया मोडल्या आणि शेवटी दुकानातून नवी बटणं आणली. ती पिवळी मिळाली. (तो कोट घालून बायको शाळेत गेली तेव्हा मुलांनी सिग्नल लागला म्हणून जागच्या जागी थांबून दाखवलं म्हणे.)

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कपांच्या आवाजानं जाग आली. स्वयंपाकघरात जाऊन ते आईजवळ स्टुलावर बसले. पाणी उकळायचं होतं. तोवर करण्यासारखं काही नव्हतं, कुणी काही विचारत नव्हतं आणि कुठंही जायचं नव्हतं. इतके दिवस आपण जे वाळूचं घड्याळ शोधत होतो ते हेच, असं त्यांना वाटलं. पडद्यावरून गेलं तर गेलं. घरात होतं, हे काय थोडं झालं?

चहा पिऊन झाल्यावर त्यांना आणखी अर्धा कप हवासा वाटला. आईला कशाला उठवा, म्हणून ते स्वतः शेगडीशी गेले. डोळे मिटून त्यांनी कडी चाचपली. पहिलं कडं सापडलं, आत बोट टेकवलं. शेगडी ढिम्म. पुन्हा टेकवलं. एक बारीक लाल दिवा लागला आणि विझला.

"नाही चालायची ती," आई मागून म्हणाली. "कुलूप लावलंय. पोरगी कालच शिकवून गेली मला, कसं लावायचं अन् कसं काढायचं."

"पण ते तर लहान मुलांसाठी असतं."

"हो, तेच म्हणाली ती," आई म्हणाली. "सरक बाजूला."